न बसवलेलं तावदान

कापायचं टेबल मोकळं केलेलं दिसलं की आज घरात काहीतरी ठरणार आहे, हे भिंगरीलासुद्धा कळत असे. एरवी त्या लांबरुंद टेबलावर काच पसरलेली असायची, काचेखाली जाड लोकरीचं कापड, आणि त्या लोकरीत इतक्या वर्षांचा चुरा, कितीही झटकला तरी उन्हाची तिरीप आली की चमकणारा. पण सगळं घर एकदम बसेल असं दुसरं टेबलच त्यांच्याकडे नव्हतं. त्यामुळे सोयरिकी इथे जुळल्या, वाटण्या इथे झाल्या, आणि भिंगरीच्या आजीचं ऑपरेशन करायचं की नाही हेही इथेच, याच कापडावर कोपर टेकून ठरलं होतं.

आज रविवार होता. कारखान्याचं शटर अर्धं ओढलेलं होतं. टेबलावरून ओलं फडकं फिरवून झालं होतं. आणि मागच्या भिंतीशी, जुन्या चादरीत गुंडाळलेलं एकच तावदान उभं होतं.

त्या तावदानाकडे सूनबाई मघापासून बघत नव्हती. म्हणजे मुद्दाम बघत नव्हती. पाच स्टुलं मांडली, पाण्याचं स्टीलचं भांडं आणून ठेवलं, भांड्यावर झाकण ठेवलं, पुन्हा काढलं, पण भिंतीकडे मान वळवली नाही.

शुक्रवारी भिंगरीनं वर्गाच्या खिडकीवर पाण्याची भरलेली बाटली भिरकावली होती. तावदान गेलं. कोणाला लागलं नाही, हे नशीब. शनिवारी अप्पांनी नवी काच कापली आणि कडा घासून ठेवली. माप घ्यायला जावंच लागलं नाही. त्या शाळेच्या खिडक्यांची मापं एव्हाना अप्पांना तोंडपाठ झाली होती. आज संध्याकाळी भिंगरीचे बाबा पिशवीत पुट्टीचा डबा आणि पटाशी टाकून जातील, शिपाई मागचं फाटक उघडेल, आणि उद्या सकाळी घंटा होईल तेव्हा खिडकी पहिल्यासारखी असेल. पहिल्यापेक्षा बरी असेल. मुख्याध्यापिका बाई वर्गात येतील, खिडकीकडे बघतील, "ठीक आहे" म्हणतील. दर वेळी असंच झालं होतं. दर वेळी म्हणजे किती वेळा, ते सूनबाईनं मोजायचं सोडून दिलं होतं.

"सूनबाई, बस आता. किती वेळा तेच भांडं हलवशील?" अप्पा टेबलाच्या टोकाला बसत म्हणाले. ते तिचे सासरे, तिला नेहमी सूनबाईच म्हणत, आणि त्यांचं ऐकून गल्लीतला किराणावालाही सूनबाईच म्हणायला लागला होता. लग्नाआधी पदवी घेताना कागदावर तिचं जे नाव होतं, ते आता बँकेतच काय ते ऐकू यायचं.

ती बसली. नवरा तिच्या शेजारी बसला. हातात पेन्सिलीचं बुटुक होतं, त्याला नखानं सोलत. तो मोठ्यानं बोलणाऱ्यातला नव्हताच. या कारखान्यात वाढलेलं कोणीच मोठ्यानं बोलणाऱ्यातलं नव्हतं, एक मेट्रन सोडून.

आणि मेट्रन आल्याच. शटरखालून वाकताना "अगं बाई, माझी कंबर!" असं म्हणत आल्या, म्हणजे आधी आवाज आला आणि मग माणूस. मेट्रन म्हणजे भिंगरीची आत्या. हॉस्पिटलातला अख्खा वॉर्ड त्यांच्या भुवईवर चालायचा, आणि रविवारी सुट्टी असली तरी भुवई काही सुट्टीवर नसायची. त्यांनी पर्समधून एक रंगीत पत्रक काढलं आणि टेबलावर थापटलं.

"निवासी शाळा. मैदान, वाचनालय, पोहायचा तलाव. मी फोन करून ठेवलाय. जागा आहे."

"ताई, बसा तर आधी," सूनबाई म्हणाली.

"बसते. पण माझं म्हणणं मी उभ्यानंच सांगते, म्हणजे कोणी मध्ये तोडणार नाही. ही आठवी झाली की तिची शाळा संपली. पुढची शाळा निवडायला आता आठवडाही राहिला नाही. आणि मुलगी..." मेट्रननी मान वळवली. "कुठाय ती?"

"इथेच आहे," भिंगरी म्हणाली.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी, काच आणायच्या लाकडी खोक्यावर बसली होती. गुडघे पोटाशी, आणि बोटावर चिकटपट्टीचं रिंगण गरागरा फिरत होतं. रांगायला लागल्यापासून ती एका जागी टिकली नव्हती, म्हणून भिंगरी. आता तेराची चौदा होत आली, तरी टिकत नव्हती.

"तू वर जा बाळा," सूनबाई चटकन म्हणाली. "आम्ही मोठी माणसं जरा..."

"बसू दे तिला," अप्पा म्हणाले. "तिच्याबद्दलच चाललंय."

"हो, पण तिला उगाच वाटेल की..."

"मला काही वाटत नाही," भिंगरी म्हणाली.

सूनबाईनं ओठ मिटले. तिला भिंगरीचा चेहरा वाचायची सवय लागली होती. कपाळावरची ती एक शीर, कानांच्या पाळ्या लाल होणं, बोटं वळायला लागणं. पावसाची चाहूल घ्यावी तशी ती दिवसभर मुलीची चाहूल घ्यायची, आणि काही व्हायच्या आत मध्ये पडायची. आत्ता पाळ्या लाल नव्हत्या. अजून तरी.

अप्पांनी घसा साफ केला. "मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांकडे मी शब्द टाकलाय. त्या शाळेतली एक एक काच आपल्या हातची आहे. माझ्या वडलांनी सभागृहाच्या खिडक्या बसवल्या, मी प्रयोगशाळेच्या, आणि यानं," त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं, "नव्या इमारतीच्या. मी शिकलो तिथे, ही दोघं शिकली तिथे. हेडमास्तर तयार आहेत. म्हणणं एवढंच, दाखला स्वच्छ आणा. एकही शेरा नको."

"स्वच्छ आणा!" मेट्रन अखेर बसल्या. "अप्पा, तो शाळेचा दाखला आहे की आरसा?"

"आपल्याकडे दोन्ही स्वच्छच असतात."

नवऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. सूनबाईलाही हसू आलं. खरंच होतं ते. तीन वर्षांत भिंगरीनं काय काय फोडलं, पण तिच्याबद्दल कुठल्या कागदावर एक ओळ नव्हती. तक्रार लिहायला बाई पेन उघडेपर्यंत काच बसलेली असायची. मग काय लिहिणार?

"आज संध्याकाळी ते तावदान बसलं की झालं," अप्पा म्हणाले. "उद्या बाई बघतील. आठवड्याच्या आत दाखला हातात. गंगेत... म्हणजे, सगळं सुरळीत."

"सुरळीत कसलं?" मेट्रन म्हणाल्या. "मोठ्या शाळेत वर्गात साठ-साठ पोरं. तिथे ही काय फोडेल ते सांगा. तिला शिस्त पाहिजे. त्या निवासी शाळेत बघा, सकाळी घंटा, मग मैदानाला फेऱ्या, घंटा, नाश्ता, घंटा, अभ्यास. आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरचा मुलगा गेला होता. जाताना दार आपटून गेला, आणि सुट्टीत आला तेव्हा दाराशी उभा राहून विचारतो, 'येऊ का आत?'"

"आत्या, तो आजारी असेल," भिंगरी म्हणाली.

"बघा! बघा जीभ कशी चालते!" पण मेट्रनच्या डोळ्यांत हसू होतं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, आणि भिंगरीचा पहिला दात पडला तेव्हा तो त्यांनी कापसात गुंडाळून नेला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "बरं, तूच सांग मग. तुला कुठे जायचंय?"

चिकटपट्टी बोटावर थांबली. भिंगरीनं तोंड उघडलं.

"तिला तसं कुठेही चालेल," सूनबाई म्हणाली. "तिला फक्त जरा समजून घेणारे शिक्षक हवेत, म्हणजे ती काही मुद्दाम करत नाही, पटकन राग येतो एवढंच, आणि गोंगाट झाला की..."

चिकटपट्टी पुन्हा फिरू लागली.

"आईनं तिसरी शाळा बघितलीय," भिंगरी पट्टीकडे बघत म्हणाली. "बुधवारी. बाजाराला जाते म्हणून गेली होती."

सूनबाईचे कान तापले. ती शाळा शहराच्या टोकाला होती, दोन बस बदलून. भिंतींचा रंग उडालेला, मैदान म्हणजे एका झाडाभोवतीची मोकळी जागा. ती अप्पांना आणि ताईंना सांगणारच होती. आज, उद्या, योग्य वेळ आली की.

"बाजाराला?" अप्पांनी चष्मा काढला. त्यांना लागलं की ते आधी चष्मा काढत. "म्हणजे मी लोकांच्या पायऱ्या चढतोय, शब्द टाकतोय, आणि घरातली माणसं बाजाराला जातायत."

"अप्पा, मी फक्त बघायला..."

"मला माहीत होतं," नवरा म्हणाला. पेन्सिल त्याच्या हातात अर्धी सोलून झाली होती. "तिनं मला सांगितलं होतं."

सूनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. हे त्यानं बोलायची गरज नव्हती. बापासमोर तो सहसा असा उभा राहत नसे, आणि आत्ताही उभा राहिला नव्हता, नुसता बसल्याबसल्या तिच्या बाजूला सरकला होता. पण सरकला होता.

"वा!" मेट्रन म्हणाल्या. "घरात दोन पार्ट्या झाल्या आणि मला कोणी निरोपही दिला नाही. काय आहे एवढं त्या शाळेत?"

काय आहे, हे सांगणं सोपं नव्हतं. सूनबाई त्या शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. एक काटकुळा मुलगा रंगांच्या भरलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन आला, पाय अडकला, आणि ट्रे गेला. निळा, पिवळा, सगळं फरशीभर. तिनं डोळे मिटून घेतले होते. आता ओरडणार कोणीतरी. पण कोणी ओरडलं नाही. आतून एक बाई आल्या, दारातच थांबल्या, म्हणाल्या, "लागलं का?" मुलानं नाही म्हणून मान हलवली. बाई म्हणाल्या, "फडकं कुठे असतं ते माहितीये ना?" एवढंच. मुलगा पुसत होता आणि बाई उभ्या होत्या, आणि पुसून झाल्यावर त्या त्याच्याशी बाकावर बसून काहीतरी बोलल्या.

तिनं हे टेबलाशी सांगितलं. जसं आठवलं तसं, पुढेमागे करत.

"रंग सांडला म्हणून शाळा चांगली?" अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा. म्हणजे... हो." तिनं हात मांडीवर दाबून धरले. "आणि तिथल्या मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, मुलीनं शेवटचं काय फोडलं. मी म्हटलं, ती तशी फार समजूतदार आहे. त्या म्हणाल्या, असेल. पण ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. म्हणाल्या, दाखल्यावर जे खरं असेल ते येऊ दे, तिला घेऊन या, मग बघू."

"मग बघू!" अप्पांचा आवाज चढला. या कारखान्यात तो चढलेला तिनं फार क्वचित ऐकला होता. "म्हणजे तेही घेतीलच असं नाही. आणि तू दाखल्यावर शेरा मारून घ्यायला निघालीस. एकदा शेरा लागला की मोठ्या शाळेचं दार बंद. हेडमास्तर मला तोंडावर सांगतील, अप्पा, माफ करा. मग? ही घरी बसणार?"

"पण खोटा दाखला घेऊन तिथे गेली आणि महिन्याभरात..."

"खोटा कसला? काच फुटली, काच बसवली. हिशेब मिटला."

"तेच तर! प्रत्येक वेळी आपण..."

"आवाज खाली, दोघांचाही," मेट्रन म्हणाल्या, स्वतः त्या दोघांपेक्षा मोठ्यानं. "माझं ऐका, तिला घरापासून लांब ठेवा, सहा महिने! तुम्ही सगळे तिला जपून जपून..." आणि बोलता बोलता त्या उठल्या. स्टूल मागे गेलं. स्टुलाचा पाय उरलेल्या तुकड्यांच्या लाकडी घोडीला लागला. घोडी हलली, आणि वरच्या खाचेतला हातभर लांबीचा तुकडा सरकून फरशीवर पडला.

फुटल्याचा आवाज कारखान्यात तसा रोजचा. पण आवाज झाला की जे होतं तेच झालं. सगळे जिथल्या तिथे थांबले. कोणी ओरडलं नाही, कोणी पाय हलवला नाही. अप्पांचा हात हवेत होता तो हवेतच राहिला. हा नियम अप्पांच्या वडलांचा. तरुणपणी ते काच उचलत असताना कोणीतरी मागून किंचाळलं, आणि दचकलेल्या त्या हाताची दोन बोटं कायमची गेली. तेव्हापासून इथे काच फुटली की ओरडायचं नाही, धावायचं नाही. ज्याच्या हातून फुटली त्यानं सांगायचं, आणि मग बाकीच्यांनी हलायचं.

ती शांतता पसरली. रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली, तीही ऐकू आली.

"माझ्याकडून," मेट्रन म्हणाल्या. हॉस्पिटलात त्यांच्यापुढे बोलायची कोणाची बिशाद नसे, पण इथे त्या या घरची लेक होत्या.

भिंगरी उठली. चामड्याचे हातमोजे खिळ्यावरून काढले, झाडू घेतला, आणि आत्याच्या पायांशी वाकली. "आत्या, उजवा पाय उचल. तिथेच नको ठेवू, मागे ठेव." मोठे तुकडे आधी, एकेक, कडेनं न धरता मधोमध. मग बारीक. मग ओल्या फडक्यानं राहिलेलं. घाई नाही, आदळआपट नाही. सूनबाई तिच्याकडे बघत राहिली. ही तीच मुलगी होती का, जिनं शुक्रवारी? कपाळावरची शीर शांत होती. पाळ्या नेहमीच्या रंगाच्या होत्या. गेले कित्येक महिने तिनं मुलीचा असा चेहरा पाहिला नव्हता, किंवा पाहिला होता आणि तो फक्त इथेच असतो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तुकडे डब्यात टाकून भिंगरी उभी राहिली. हातमोजे तसेच हातात.

"आता बोलू का?" ती म्हणाली.

सूनबाईच्या ओठावर आलंच होतं, 'हो हो बोल बाळा, घाबरू नकोस, आम्ही कोणी रागावणार नाही.' टेबलाखाली नवऱ्याचा पाय तिच्या पायाला लागला. तिनं ते सगळं गिळलं.

"बोल," अप्पा म्हणाले.

"वर्गात सगळे एकदम बोलतात." भिंगरी हातमोज्यांकडे बघत होती. "मग बाई डस्टर आपटतात. मग ओरडतात. मग सगळे अजूनच बोलतात. मागचा एक आहे, तो मुद्दाम माझ्या कानाशी पट्टी आपटतो, कारण मी दचकते म्हणून. मग मला... मला कळतच नाही कुठे बघायचं ते. सगळं एकदम आत येतं."

तिनं एका हातमोज्याचं बोट सरळ केलं.

"मग काच फुटली की सगळे गप्प होतात. इथे होतात तसे." ती थांबली. "थोडा वेळच. पण होतात."

सूनबाईनं भिंतीशी उभ्या तावदानाकडे पहिल्यांदाच मान वळवली.

"पहिल्यांदा फुटली ना, तेव्हा ती चुकून फुटली होती. खरंच. मी जागची हलले नाही. मी म्हटलं, 'माझ्याकडून.' सगळे हसायला लागले. बाई म्हणाल्या, उलट बोलतेस? आणि मला बाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी मला वाटलं आता विचारतील. पण काच लागलेली होती. बाईंनी खिडकीकडे बघितलं आणि पुस्तक उघडलं. घरी पण कोणी विचारलं नाही. बाबा पिशवी धुवत होते."

नवऱ्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली. हळूच, आवाज न होऊ देता.

"मग मी नंतर बघायचे," भिंगरी म्हणाली. "कधी विचारतात ते."

"अगं, मी तुझ्यासाठीच ना..." अप्पांचा आवाज बसला होता. "तुला कोणी बोल लावू नये म्हणून."

"माहितीये अप्पा." तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच सूनबाईला जास्त लागलं. "तुम्ही फार छान बसवता. कळतसुद्धा नाही काही झालं होतं ते."

मेट्रननी रंगीत पत्रक उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या, आणि घडी घालून पर्समध्ये टाकलं. मग पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली, रुमाल काढला.

"हे रद्द," त्या म्हणाल्या. "घंटा, घंटा, घंटा. तिथे पाठवली तर आठवड्याभरात एक खिडकी शिल्लक राहायची नाही. तुमचा धंदा तेवढा जोरात चालेल." आणि नाक पुसलं. "मूर्ख बाई आहे मी. दिवसभर पेशंटना विचारत फिरते, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय. घरात कधी विचारलं नाही."

कोणी हसलं नाही, पण खांदे सैल झाले. फक्त अप्पांचे झाले नाहीत. ते टेबलाच्या कापडावरून बोट फिरवत होते, सवयीनं, चुरा चाचपत.

"सूनबाई," ते म्हणाले. "तावदान नाही बसवलं, शेरा लागला, मोठी शाळा हातची गेली. बरं. आणि तुझ्या त्या बाईंनीही नाही म्हटलं. मग?"

आता बोलायची तिची पाळी होती. दोन दिवस तिनं मनात उत्तरं घोटून ठेवली होती, एकाला एक जोडून, कुठे फट राहू नये अशी. त्यातलं एकही आत्ता उपयोगाचं वाटेना.

"मला माहीत नाही, अप्पा," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही. भीती मलाही वाटतेय. पण तिला कुठेही घातली तरी पहिली काच फुटणारच. तेव्हा ते लोक काय करतात, एवढंच मला बघायचंय. आणि आपण काय करतो."

अप्पांनी कापडावरचं बोट उचललं. मग उठले. गुडघ्यावर हात ठेवून, एक-एक करत, म्हातारं माणूस उठतं तसे. भिंतीशी गेले. चादर सोडली, तावदान दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर आडवं ठेवलं. त्याच्या कडांवर शनिवारी त्यांनी खपून हात फिरवला होता. उन्हाची तिरीप काचेतून आरपार गेली. तिथे काही आहे असं वाटतच नव्हतं, इतकी ती स्वच्छ होती.

"बाबा, पिशवी आणू का?" भिंगरीनं विचारलं. तिचा आवाज सपाट झाला होता. सूनबाईनं तो ओळखला. काही अपेक्षा न ठेवणारा आवाज.

"थांब," अप्पा म्हणाले.

त्यांनी खिशातलं कटर काढलं. पट्टी घेतली आणि तावदानाच्या बरोबर मधून आडवी धरली. नवरा अर्धवट उठला, "अप्पा..." म्हणाला, आणि पुन्हा बसला. कटरचं चाक काचेवरून एकाच दमात, एकाच दाबानं गेलं, मलमल टरकावी तसा बारीक आवाज झाला. अप्पांनी ती रेघ टेबलाच्या काठावर आणली, खालून मुठीनं हलकेच एक टिचकी दिली, आणि हात दाबला.

टक्.

दोन सरळ तुकडे. एक अप्पांच्या हातात, एक टेबलावर.

सगळे थांबले होते. ठरवून कापलेल्या काचेला कोणी थांबत नसतं, तरी थांबले होते.

"माझ्याकडून," अप्पा म्हणाले.

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. पापणी न हलवता.

"त्या खिडकीला आता ही बसायची नाही," अप्पा कोणाकडे न बघता म्हणाले, आणि दुसरा तुकडा घोडीच्या रिकाम्या खाचेत लावला. "फोटोच्या फ्रेमना होईल. वाया काही जात नाही. उद्या त्या खिडकीला पुठ्ठा लावायला सांगू शिपायाला. आणि तुझ्या बाईंनी विचारलं, काच का नाही आणली, तर सांग, अप्पा माप विसरले."

"खोटं सांगू?"

अप्पा अडकले. मेट्रन रुमालाआडून खुसखुसल्या.

"नको," ते म्हणाले. "जे आहे तेच सांग. काच बसवायची की नाही ते नंतर बघू. आधी तुझं बोलणं होऊ दे."

हेडमास्तरांना आता अप्पाच काहीतरी सांगणार होते, ज्यांच्या पायऱ्या त्यांनी चढल्या होत्या त्यांच्याच दाराशी जाऊन शब्द मागे घेणार होते. हे सूनबाईला दिसत होतं, आणि त्यांना आभार मानलेले आवडणार नाहीत हेही. म्हणून तिनं पाण्याचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. अप्पांनी घोटभर प्यायलं आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

भिंगरीनं हातमोजे खिळ्याला अडकवले. एक नीट बसला नाही, तो काढून पुन्हा अडकवला. मग टेबलाजवळ आली. आजवर कुठल्याही बैठकीत ती टेबलाशी बसली नव्हती, खोक्यावरच असायची. पाचवं स्टूल सूनबाईनं मांडलं होतं खरं, पण ते कोणाचं, हे तिचं तिलाही नक्की नव्हतं.

भिंगरी त्यावर बसली.

"उद्या मी सांगेन बाईंना," ती म्हणाली. "आणि त्या तिसऱ्या शाळेत पण मीच सांगेन, बाटलीचं. पण एक आहे."

"काय?" बाबा म्हणाले.

"आई बरोबर आली तरी चालेल. पण तिनं मध्ये बोलायचं नाही. मी अडखळले तरी. मी गप्प बसले तरी."

सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं.

सांगण्यासारखं खूप होतं. त्या बाईंना आधी नमस्कार कर, बसताना खुर्ची ओढू नकोस, बाटली फेकली म्हणू नकोस, हातून सुटली म्हण. नाही, तेही नको. सगळं एकदम तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि ती तोंड उघडून तशीच बसली.

मग तिनं तोंड मिटलं.

भिंगरी वाट बघत होती. चिकटपट्टी खोक्यावरच राहिली होती, आणि तिची बोटं कापडावर, चुऱ्याच्या चमकणाऱ्या कणांपासून थोडी दूर, स्थिर होती. सूनबाईनं फक्त मान डोलावली.